स्पोर्ट्स कार आणि तान्हं बाळ: नाशिकमधल्या पहिल्या वर्षाची तयारी

सातव्या महिन्यात घरी डोहाळजेवण झालं. पाहुणे परतायला लागले तेव्हा मामा पार्किंगमध्ये माझ्या फोर्ड मस्टँगपाशी थांबले आणि म्हणाले, "काय रे, आता हिला गिऱ्हाईक बघायचं ना?" त्यांच्या बोलण्यात खरी काळजी होती. पुढच्या पंधरा दिवसांत हाच प्रश्न ओळखीच्या जवळजवळ प्रत्येकाने विचारला. मी गाडी विकली नाही. आज मुलगी चौदा महिन्यांची आहे, गाडी गंगापूर रोडवरच्या आमच्या इमारतीत उभी आहे आणि चालूही आहे. पण हे आपोआप जमलेलं नाही. बरीचशी कामं बाळ यायच्या आधीच उरकावी लागतात, कारण नंतर हात मोकळा नसतो. ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे आणि पार्किंगमध्ये दोन दरवाजांची गाडी आहे, त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतो.

विकायचा निर्णय वर्षभर पुढे ढकला

बाळंतपणाच्या तोंडावर घाईने विकलेल्या गाडीला भाव येत नाही. त्यात आयात केलेली, जोरदार इंजिनाची गाडी असेल तर नाशिकमध्ये गिऱ्हाईकं मोजकीच असतात. आम्ही नवरा-बायकोने ठरवलं की मुलीचा पहिला वाढदिवस होईपर्यंत काही विकायचं नाही आणि नवीन काही घ्यायचंही नाही. माझा सल्ला हाच राहील.

याला दोन अपवाद आहेत. गाडीचा हप्ता भरताना घरखर्चाची ओढाताण होत असेल तर विका. आणि घरात एकच गाडी असून ती दोन सीटची असेल, तर ती एकमेव गाडी म्हणून ठेवू नका. मध्यरात्री बाळाला घेऊन दवाखान्यात निघायची वेळ येते, तेव्हा आई, बाळ आणि चालवणारा असे तिघं बसू शकतील अशी गाडी दारात हवी. विकायचं ठरलंच तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीला लावता येतं.

बाळ कुठल्या गाडीत बसणार, हे आधी ठरवा

इथे हौस बाजूला ठेवून कागद बघावे लागतात. क्रॅश टेस्टचे तारे सगळेच बघतात, पण मोठ्यांचे गुण वेगळे आणि लहान मुलांचे वेगळे असतात. माझ्याच गाडीचं उदाहरण देतो. २०१७ साली युरो एनकॅप या क्रॅश टेस्ट घेणाऱ्या युरोपातल्या संस्थेने मस्टँगला दोन तारे दिले. मोठ्यांच्या सुरक्षेचे गुण ७२ टक्के होते, मुलांच्या सुरक्षेचे ३२. हा ३२ चा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बायको सहा महिन्यांची गरोदर होती. त्या रात्रीच ठरलं की मुलीची रोजची गाडी म्हणजे घरातली दुसरी, टाटा नेक्सॉन. नेक्सॉनचंही मॉडेल बघूनच घ्या. २०१८ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले होते, पण मुलांसाठी तीनच. २०२४ च्या चाचणीत दोन्हीकडे पाच मिळाले. आता भारत एनकॅपचे निकालही येतात आणि त्यातही मुलांचे तारे वेगळे दिलेले असतात. तेवढी एक ओळ शोधून वाचा.

तुमची गाडी अगदी दोन सीटची असेल तर प्रश्न एअरबॅगचा आहे. मागे तोंड करून बसवलेल्या बाळाच्या सीटसमोर चालू एअरबॅग असणं जीवघेणं आहे. ती उघडते डोळ्याचं पातं लवायच्या आत आणि तिचा सगळा मार सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे बसतो. काही स्पोर्ट्स कारमध्ये पुढची एअरबॅग किल्लीने बंद करता येते आणि ती बंद असल्याचा दिवा डॅशबोर्डवर लागतो. तुमच्या गाडीत अशी सोय नसेल तर त्या गाडीत बाळ बसवायचं नाही. गॅरेजमध्ये वायर काढून एअरबॅग बंद करून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका.

सीट: घेताना आणि बसवताना

बाळाची सीट आठव्या महिन्यापर्यंत घरात यायला हवी. सीटला चिकटवलेल्या लेबलवर आर१२९ किंवा आर४४/०४ हा क्रमांक शोधा. आर१२९ हा नवा नियम आहे. त्यात बाळाचं वजन नाही तर उंची धरून सीट निवडतात आणि किमान पंधरा महिन्यांपर्यंत बाळाचं तोंड मागेच ठेवावं लागतं. युरोपात जुन्या आर४४ सीटची विक्री सप्टेंबर २०२४ पासून बंद झाली आहे. आपल्याकडचं मानक एआयएस-०७२. यांपैकी एकही क्रमांक नसेल तर ती नुसती गादी लावलेली खुर्ची समजा. मला एका दुकानात अशीच बिनालेबलची सीट "सगळे हीच नेतात" म्हणून दाखवली होती. वापरलेली सीट घ्यायची असेल तर फक्त सख्ख्या नातलगाची घ्या, म्हणजे ती कधी अपघातातून गेली होती का हे खात्रीने कळतं.

आता बसवणं. दोन दरवाजांच्या गाडीत हे काम अंग मोडून टाकणारं आहे, म्हणून पहिल्यांदा एकट्याने आणि घाईत करू नका. मागच्या सीटच्या फटीत आयसोफिक्सचे दोन लोखंडी हुक असतात. सीटचे दोन्ही हात त्यात घालून दाबले की टक् असा आवाज येतो आणि खुणेचा लाल रंग जाऊन हिरवा दिसतो. सीटला आधाराचा पाय असेल तर तो गाडीच्या जमिनीवर घट्ट टेकला पाहिजे. त्याखाली सामानाचा पोकळ कप्पा येत असेल तर गाडीचं पुस्तक वाचून खात्री करा. मस्टँगमध्ये मागे तोंड केलेली सीट बसवायची तर पुढची डावी सीट पार डॅशबोर्डपर्यंत सरकवावी लागते. म्हणजे पुढे कुणीच बसू शकत नाही आणि बायकोला मागे बाळाशेजारी गुडघे दुमडून बसावं लागतं. हे विकत घेण्याआधी मोजून बघा. दुकानदाराला सीट गाडीत लावून दाखवायला सांगा; जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

पहिल्या वेळी मी अर्धा तास घाम गाळून सीट बसवली आणि बायकोला बोलावलं. तिने वाकून, सीटचा तळ जिथे गाडीला जोडला जातो तिथे धरून हलवला. सीट चांगली चार बोटं सरकली. एक हूक लागला होता, दुसरा नुसताच टेकला होता. तेव्हापासून ही तपासणी आम्ही प्रत्येक वेळी करतो: जोडाच्या जागी धरून दोन्ही बाजूंना हलवायचं, अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. सीटचं वरचं टोक थोडं हलतं, त्याने घाबरू नका.

बाळ बसवल्यावर आणखी तीन गोष्टी बघायच्या. खांद्याचे पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून यायला हवेत. पट्टा आवळल्यावर खांद्याजवळ त्याची चिमूट घ्यायचा प्रयत्न करा; चिमटीत पट्टा आला तर तो अजून सैल आहे. आणि बाळाची हनुवटी छातीवर टेकता कामा नये, कारण तान्ह्या बाळाचं डोकं जड असतं आणि मान पुढे पडली की श्वासाला अडथळा होतो. बाळ दिवसांआधी जन्मलेलं असेल तर सीटमध्ये बसवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

इथे आज्यांशी गाठ पडते. थंडीत दुपट्यात घट्ट गुंडाळून, वर कुंची बांधून बाळ हातात येतं. दुपट्यासकट पट्टा लावला तर तो घट्ट वाटतो, पण धक्क्याने कापड दबतं आणि बाळ पट्ट्यातून निसटू शकतं. आधी पातळ झबल्यावर पट्टा आवळायचा, मग वरून दुपटं पांघरायचं.

आणि "मी घेते ना मांडीवर" हे वाक्य तुमच्याही घरी येणारच. आईशी वाद घालण्यापेक्षा मी तिला नेक्सॉनमध्ये मागे बसवलं, मांडीवर पाच किलो कणकेची पिशवी दिली आणि आधी सांगून, सोसायटीच्या रिकाम्या गल्लीत ताशी वीसच्या वेगात ब्रेक दाबला. आईने पिशवी दोन्ही हातांनी धरली होती. तरी ती सुटून पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली आणि पायाशी पडून फुटली. ताशी चाळीसच्या वेगात गाडी कशावर आदळून क्षणात थांबली तर सहा किलोचं बाळ हातांना पासष्ट-सत्तर किलोंसारखं ओढतं. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी लस द्यायला निघताना तिनेच विचारलं, "तिची खुर्ची लावलीस का?" कायदाही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. पण घरच्यांना पटायला दंडापेक्षा कणकेची पिशवी जास्त उपयोगी पडली.

बाळंतिणीला खाली बसवू नका

सिझेरियन झालेल्या बाईला स्पोर्ट्स कारमध्ये बसणं म्हणजे पोटावरच्या टाक्यांवर उठाबशा काढणं आहे. दवाखान्यातून घरी आणायला उंच गाडीच न्या, मग ती शेजाऱ्याची मागून आणावी लागली तरी चालेल. आम्ही सव्वा महिना आणि नंतर डॉक्टरांची तपासणी होईपर्यंत मस्टँगचा विषयच काढला नाही. त्यानंतर बसताना पद्धत अशी: आधी पाठ गाडीकडे करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. उतरताना याच्या उलट. पोटाचा पट्टा टाक्यांवरून न घेता खाली, कंबरेच्या हाडांवरून जायला हवा. दोन दरवाजांच्या गाडीचे दरवाजे लांब असतात, म्हणून कॉलेज रोडवर दोन गाड्यांच्या फटीत पार्क करू नका. दार पूर्ण उघडलं नाही तर तिला वाकडं होऊन बाहेर पडावं लागतं.

झोप

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि गाड्यांच्या गप्पांत ती कुणी काढत नाही. पहिले तीन महिने तुमची झोप दीड-दोन तासांच्या तुकड्यांत होते. अशा अवस्थेत चारशे अश्वशक्तीची गाडी चालवणं धोक्याचं आहे. ताशी शंभरच्या वेगात गाडी सेकंदाला अठ्ठावीस मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर एकशे दहा मीटर गाडी बिनचालकाची धावते.

मुलगी सहा आठवड्यांची असताना मी एका रविवारी पहाटे पेठ रोडने निघालो. सावळघाट उतरलो आणि लक्षात आलं की मागची दोन वळणं मला आठवतच नाहीत. हात घामेजले होते. टपरीशेजारी गाडी लावली, चहा घेतला, खिडकी थोडी उघडी ठेवून वीस मिनिटं झोपलो आणि बायकोला फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या दिवसापासून आमच्या घरी नियम आहे: गेल्या चोवीस तासांत मिळून पाच तास झोप झाली नसेल तर किल्ली हातात घ्यायची नाही. हा हिशेब मी करत नाही, बायको करते. ज्याला जायचं आहे त्याने स्वतःचा हिशेब करू नये.

उभ्या गाडीची निगा

बाळंतपणात गाडी दोन-अडीच महिने सहज उभी राहते, आणि नाशिकच्या पावसाळ्यात राहिली तर तिचे हाल होतात. बॅटरी कायम जोडून ठेवायचा छोटा चार्जर मिळतो. पार्किंगमध्ये प्लग असेल तर तो लावा. प्लग नसेल तर दहा-बारा दिवसांनी एकदा गाडी बाहेर काढा. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून काही साधत नाही. तेल पुरतं तापेपर्यंत, म्हणजे साधारण वीस-पंचवीस मिनिटं, ती रस्त्यावर चालली पाहिजे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. टाकी भरलेली ठेवली की आत हवा कमी राहते. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त भरून ठेवा, बाहेर काढताना पुन्हा पातळीवर आणा. हँडब्रेक ओढून ठेवू नका. चाकाला लाकडी ठोकळा लावा, नाहीतर ओलीत ब्रेक चिकटतात.

उंदरांचं तर मी कानाला खडा लावून सांगतो. श्रावणात बोनेट उघडलं तेव्हा इंजिनावर शेवाळाएवढं मऊ घरटं होतं: आवाज रोखणाऱ्या पत्र्याखालचा कापूस, मुलीच्या लंगोटाची एक चिंधी आणि मधोमध शेंगांची टरफलं. दोन वायरींचं वेष्टण कुरतडलं होतं. गॅरेजवाल्याने वायरी बदलल्या आणि सांगितलं की बोनेट आठवड्यातून दोनदा उघडून ठेवत जा. उंदराला अंधार आणि निवांतपणा हवा असतो. तेव्हापासून त्रास नाही. कुरतडलेली वायर असलेली गाडी बाळाला घेऊन अजिबात काढू नका.

टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडी क्रमांक असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी कमी चालली तरी रबर म्हातारं होतं. नक्षी शिल्लक आहे म्हणून सात वर्षांचे टायर वापरत राहू नका.

आवाज

मस्टँगचं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन थंड असताना सुरू केलं की पहिला मिनिटभर ते चढ्या फेऱ्यांवर चालतं, कारण सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. पहाटे साडेपाचला तोच आवाज पहिल्या मजल्यावरच्या पाळण्यापर्यंत जातो. मी शेजाऱ्यांशी बोलून पार्किंगची जागा बदलून घेतली; आमच्या खिडकीखालून गाडी फाटकाजवळ गेली. रात्रीच ती फाटकाकडे तोंड करून लावतो, म्हणजे सकाळी मागेपुढे करावं लागत नाही. बाहेरून बसवलेला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट होता, तो काढून कंपनीचा परत लावला. तसाही मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनाई करतं आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं आहे. त्या आवाजाची मला आठवण येते, पण सोसायटीत आणखी दोन तान्ही बाळं आहेत.

वेळ आणि रस्ते

आमची वाटणी अशी आहे. शनिवारची रात्र पूर्ण माझी: दूध पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं. त्या रात्री झोप होत नाही, म्हणून गाडीचे दोन तास रविवारी पहाटे न ठेवता बुधवारी ठेवले. मंगळवारी रात्री बायको बघते आणि मी सलग झोपतो. तिलाही आठवड्यातून तेवढेच, किंबहुना जास्त तास पूर्ण मोकळे मिळतात आणि त्या वेळी मी फोन करून "डायपर कुठे आहेत" असं विचारत नाही. ही वाटणी कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

तासाभराची वेळ असेल तर गंगापूर धरण आणि गिरणारेचा भाग पुरतो. त्र्यंबक रोड सुरेख आहे, पण सोमवारी आणि श्रावणात जाऊ नका. तिसऱ्या श्रावणी सोमवारी तर ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला जाणाऱ्यांनी रस्ता फुललेला असतो. दोन तास असतील तर पेठ रोड, पण पावसाळ्यात घाटात दरडीचे दगड असतात. समृद्धीवर जायचं तर घोटीजवळ भरवीरला चढता येतं. तिथे मोटारींना वेगमर्यादा ताशी १२० आहे, घाटात १००, आणि उन्हाळ्यात काँक्रीट तापलेलं असताना जुने टायर घेऊन चढू नका. सिंहस्थाच्या तयारीची कामं शहरात आणि त्र्यंबककडे चालू आहेत, म्हणून निघण्याआधी रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणाला तरी विचारा. याहून जास्त वेग हवा असेल तर त्याची जागा कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर आहे. नाशिकने रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटारींची स्पर्धा पाहिली आहे. बंद केलेल्या रस्त्यावरचा वेग आणि चालत्या रस्त्यावरचा वेग यातला फरक या शहराला सांगायला नको.

पैसे आणि कागद

थोडक्यात सांगतो. बाळाचं नाव आरोग्य विम्यात घालायला कंपनीला लगेच कळवा. स्वतःचा मुदत विमा नसेल तर टायरच्या आधी तो घ्या. गाडीचा विमा संपल्याची तारीख गडबडीत विसरते, आणि ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस, जो ५० टक्क्यांपर्यंत जातो, सगळा बुडतो. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहा, पीयूसीचीही. गाडी वर्षभर कमी चालणार असेल तर चालेल तेवढाच हप्ता घेणारी पॉलिसी विचारा. २०२२ पासून ती मिळते.

बाळाची पहिली फेरी

आमची मुलगी पाच महिन्यांची असताना पहिल्यांदा मस्टँगमध्ये बसली. पोट भरून अर्धा तास झाल्यावर, रविवारी सकाळी, घरून सोमेश्वरला आणि परत. वीस मिनिटं. पहिल्या महिन्यांत सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बाळाला सीटमध्ये ठेवू नये, म्हणून तेवढंच अंतर निवडलं. सस्पेन्शन सर्वांत मऊ ठेवा, टायरची हवा दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली तेवढीच. गतिरोधकावर तिरकं चढा. उन्हाळ्यात निघण्याआधी सीटचं बक्कल हाताने तपासा. एप्रिलच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीत ते चटका देण्याइतकं तापतं. सीटवर पांढरं सुती कापड टाकून ठेवलं की पुरे. आणि एका मिनिटाच्या कामासाठीही बाळाला बंद गाडीत सोडून उतरू नका. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढू शकतं.

आता ती तान्ह्या बाळांच्या सीटमध्ये मावेनाशी होत आली आहे. दर महिन्याच्या एक तारखेला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करतो. या महिन्यात ७६ सेंटिमीटर भरली. पुढची सीट १०५ सेंटिमीटरपर्यंत मागे तोंड करून वापरता येते. ती आम्ही आणून दोन्ही गाड्यांत लावून पाहिली. नेक्सॉनमध्ये व्यवस्थित बसली. मस्टँगमध्ये पुढची सीट पूर्ण सरकवूनही ती आठ सेंटिमीटरने अडते. सापुताऱ्याला जायचं ठरलं आहे, दिवाळीनंतर. नेक्सॉननेच जाणार.